भाऊजींची डावी बाजू

पाहुणे येणार म्हटलं की माझं डोकं फिरतं, हे मी लपवत नाही. दोन खोल्यांचं घर, त्यातल्या एका खोलीत पलंग आणि कपाट यांच्यामधून आडवं होऊन जावं लागतं. पण ताईचा फोन आला, "लागून तीन सुट्ट्या आल्यात, शाळाही बंद आहे, आम्ही दोघं येतोय तुझ्याकडे," आणि मी चक्क "या ना, या!" असं ओरडले. या शहरात आल्यापासून सहा वर्षांत मी त्यांना एकदाही बोलावलं नव्हतं. दर उन्हाळ्यात काहीतरी सबब असायची, आणि सबबी सांगण्यात मी चांगलीच पटाईत आहे.

शुक्रवारी दुपारी दोघं घामाघूम होऊन दारात उभे राहिले. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई सतत आजारी असायची, त्यामुळे मला वाढवलं ते तिनंच. भाऊजी त्यांच्या गावातल्या शाळेची बस चालवतात आणि त्याच बसमध्ये ताई मुलांना चढवते-उतरवते. दिवसभर एकाच गाडीत राहून हे दोघं एकमेकांचा जीव कसा घेत नाहीत, याचं मला नेहमी नवल वाटायचं.

भाऊजींनी लिंबांनी भरलेली पिशवी माझ्या हातात दिली. "परसातली आहेत. तू आमच्यासाठी एवढं केलंस, आणि आम्ही काय आणलं, तर लिंबं!"

"मी काय केलं?"

"अगं, दाखला दिलास ना! तू नसतीस तर वर्ष अडलं असतं."

मी लिंबं घेऊन स्वयंपाकघरात गेले.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. बस चालवणाऱ्यांना दरवर्षी नजरेचा दाखला लागतो, आणि तो देण्याचा परवाना माझ्याकडे आहे. मागच्या उन्हाळ्यात भाऊजींचा फोन आला होता. "तुमच्या शहरात यायचं म्हणजे दोन दिवस जातात. तू घरची आहेस, भरून टाक ना. मला सगळं ठणठणीत दिसतंय." समोर गिऱ्हाईक बसलं होतं. फोन खांद्याशी धरून मी दोन्ही डोळ्यांपुढे सहा-सहा, म्हणजे पूर्ण नजर, लिहिलं, बाजूच्या नजरेपुढे 'ठीक' लिहिलं, सही केली, शिक्का मारला. चार मिनिटंसुद्धा लागली नसतील. आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. दाखला टपालानं गेला म्हणजे पाहुणे घरी यायला नकोत.

त्या रात्री जेवताना भाऊजींच्या डाव्या कोपराचा धक्का लागून पाण्याचा पेला आडवा झाला. ताई हसली. "धांदरट! घरी स्टीलचे पेले ठेवलेत मी, काचेचे परवडतच नाहीत." आम्ही तिघंही हसलो. मी फडकं आणलं, पुसून घेतलं, आणि पुन्हा तो पेला त्यांच्या डावीकडेच ठेवला. थोड्या वेळानं तो पुन्हा सांडला.

शनिवारी सकाळी त्यांना शहर दाखवायला नेलं. मोठी बाग, नदीवरचा पूल, मग दुकानांचा रस्ता. ऊन असं की डांबर मऊ झालेलं. ताई भाऊजींच्या डाव्या कोपरात हात अडकवून चालत होती. मी मागून चिडवलं, "काय गं, म्हातारपणी चळ लागला का? घरी कधी असं बघितलं नव्हतं."

"गप बस, आगाऊ," ताई म्हणाली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या तिच्या.

मग चौक आला. भाऊजी मला गाडीच्या नव्या गिअरबद्दल काहीतरी सांगत होते. ताईनं मान न वळवता, अगदी सहज म्हटलं, "सायकल." भाऊजी जागच्या जागी थांबले. डावीकडून सायकल सुर्रकन गेली. भाऊजींनी गिअरचं वाक्य पुरं केलं. पुढे ताई म्हणाली, "खांब." मग "बाक." मग "पायरी आहे." प्रत्येक वेळी डावीकडेच. त्यांच्या गप्पा एकदाही तुटल्या नाहीत, इतकं ते अंगवळणी पडलेलं होतं.

लोकांना काय दिसत नाही हे ओळखणं, हाच माझा धंदा. त्या उन्हात मला थंडी वाजली.

घरी आल्यावर भाऊजी पंख्याखाली आडवे झाले. मी ताईला स्वयंपाकघरात गाठलं. "हे कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"सायकल. खांब. बाक."

"अगं, ती सवय आहे बसमधली. मी त्यांच्या मागेच उभी असते ना, तिथून सांगते. दीड-दोन वर्षं झाली असतील." ती टोमॅटो चिरत होती, सुरी थांबली नाही. "आधी मला भारी धास्ती वाटायची. बत्तीस मुलं गं गाडीत. ह्यांना म्हणायची, सोडा आता, दुसरं काम बघू. पण तुझा दाखला आला. म्हटलं, हिनं तपासलंय म्हणजे मलाच उगाच शंका येतात. तेव्हापासून निर्धास्त आहे बघ."

मला बोलायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण तिनं टोमॅटोची एक फोड माझ्या तोंडात कोंबली, लहानपणी कोंबायची तशी, आणि मी ती मुकाट्यानं गिळली. स्वतःचा इतका राग मला आजवर आला नव्हता.

संध्याकाळी भाऊजींनी बॅगेतून प्लास्टिकची फाइल काढली. यंदाचा कोरा फॉर्म त्यात घडीही न पडता आणलेला होता. ताई गच्चीवर कपडे काढायला गेली होती. "मार सही," ते हळू आवाजात म्हणाले. "मागच्यासारखीच."

"उद्या दुकानात जाऊ. दुकान बंद असतं, पण किल्ली आहे माझ्याकडे. मशीनवर बघू या."

"सुट्टीत कशाला तुला काम?"

"भाऊजी," मी म्हटलं, "पेला दोनदा सांडला."

त्यांनी फाइलचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाले, "ठीक आहे." त्यांना ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं. मागच्या वर्षीही ठाऊक असणार, म्हणूनच तर फोन केला होता.

रविवारी सकाळी मी दुकानाचं शटर अर्धं वर केलं. ताईला बाहेरच्या खुर्चीत बसवलं, पण ती ऐकेना, आत येऊन उभी राहिली. भाऊजींनी पांढऱ्या मशीनमध्ये हनुवटी टेकवली. आत बारीक दिवे इथे-तिथे लागतात. दिसला की बटण दाबायचं, एवढंच. उजव्या डोळ्यानं त्यांनी बऱ्यापैकी दाबली बटणं, कडेकडेची चुकली. मग मी उजवा डोळा झाकला. सुरुवातीला मधले चार-पाच दिवे दिसले त्यांना. पुढे दिवे लागत राहिले, विझत राहिले, आणि बटण वाजेना. माझ्यासमोरच्या पडद्यावर एकेक चौकोन काळा होत होता.

"बंद पडलं का गं मशीन?" भाऊजींनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "चालू आहे."

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांतला दाब मोजला. एकवीसच्या आत असायला हवा. डाव्यात छत्तीस होता. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर खात आत येतो, आणि खाल्लेली नजर परत मिळत नाही. हे सगळं मी दोघांना समोरासमोर बसवून सांगितलं. गिऱ्हाइकांना सांगते त्या आवाजात सांगायला गेले, पण तो आवाज काही लागला नाही.

"उजवा वाचेल," मी म्हणाले. "उद्या सुट्टी आहे, पण परवा सकाळी मोठ्या डॉक्टरांकडे मीच नेते. औषध लगेच सुरू होईल. पण बस चालवता येणार नाही, भाऊजी. एक दिवससुद्धा नाही."

ताई म्हणाली, "एका वर्षात एवढं वाढलं? मागच्या वर्षी तर तू..."

"मागच्या वर्षी मी तपासलं नव्हतं, ताई."

आता सांगितलं नाही तर मरेपर्यंत सांगणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून मी थांबलेच नाही. फोनवर भरलं. डोळे बघितलेच नाहीत. तुम्ही इथे येऊन राहायला नको होतात मला, म्हणून भरलं. तेव्हा बघितलं असतं तर डावा डोळा बराचसा राहिला असता.

"मीच म्हटलं होतं तिला," भाऊजी घाईनं म्हणाले. "माझ्याच सांगण्यावरून केलं तिनं."

ताईनं त्यांच्याकडे बघितलं नाही. ती माझ्याकडेच बघत होती. "हिवाळ्यात एक पोरगी दाराशी वाकली होती, पडलेला डबा उचलायला," ती सावकाश म्हणाली. "ह्यांनी गाडी काढली. मी दप्तराला धरून ओढली तिला. ती रडली, मी तिलाच रागावले. म्हटलं, ड्रायव्हरकाका बघतायत, तुला कळत नाही का?"

मी रडले. मला रडायचा काही हक्क नव्हता, तरी रडले. ताईनं डोळे पुसले नाहीत, ना माझे ना तिचे.

शेवटी मी फॉर्म पुढे ओढला. यंदाचे आकडे लिहिले. 'वाहन चालवण्यास अपात्र' या चौकटीत खूण केली. खाली एक रकाना होता, मागील तपासणीचा निष्कर्ष. माझा हात थांबला तसे भाऊजी पुढे वाकले.

"सहा-सहा लिही," ते म्हणाले. "गेल्या वर्षी चांगलं होतं, यंदा बिघडलं. होतं असं माणसाचं. माझं जायचं ते गेलंच, तू कशाला अडकतेस? आपल्या तिघांशिवाय कुणाला कळणार आहे?"

ते मनापासून म्हणत होते. आपल्या माणसासाठी एवढं तर करायचंच, असं त्यांना वाटत होतं. मलाही मागच्या वर्षी तसंच वाटलं होतं. मी लिहिलं, 'मागील वर्षी तपासणी न करता दाखला देण्यात आला.' खाली सही केली.

ताईनं फॉर्म उचलला. तिला वाचायला वेळ लागतो. ती ओठ हलवत वाचते. त्या ओळीशी येऊन थांबली. "ह्यानं तुझं काय होईल?"

"परवाना जाईल बहुतेक. किती दिवस ते माहीत नाही."

शेजाऱ्यांची मी फोडलेली काच तिनं स्वतःच्या नावावर घेतली होती. माझं नापासाचं प्रगतिपुस्तक बाबांपासून लपवलं होतं. जन्मभर तिनं मला पाठीशी घातलं, आणि आता ती म्हणेल, खोड ते, अशी मी वाट बघत होते. खोटं कशाला बोलू, वाट बघत होते.

ताईनं फॉर्म माझ्यासमोर ठेवला आणि सहीच्या शेजारी बोट टेकवलं.

"तारीख राहिली," ती म्हणाली.

मी तारीख घातली.