वीस मिनिटे मागे पडलेली सावली

मित्रांनो, मी शाळेच्या अंगणातले एक जुने सूर्यघड्याळ आहे. आज मी तुमच्याशी मान खाली घालूनच बोलणार आहे.

एका पाथरवटाने काळ्या दगडाची चकती घासून मला घडवले. तिच्यावर तासांच्या रेषा कोरल्या आणि मधोमध एक तिरपी पितळी पट्टी रोवली. पट्टीचे टोक नेमके उत्तरेला यावे म्हणून तो आठवडाभर दोरी घेऊन माझ्याभोवती घिरट्या घालत होता. पट्टीची सावली ज्या रेषेवर पडेल, ती वेळ. गावात तेव्हा दुसरे घड्याळ नव्हते.

शाळेच्या घंटावाल्या मावशी माझी सावली पाहून टोल देत. त्या टोलावर शाळा भरे आणि न्हावी दुकान उघडत असे. लोक म्हणत, "हे कधी खोटं बोलत नाही." उन्हात डोळे बारीक करून मावशी उभ्या राहत, आणि शाबासकी मात्र मी घेई. त्याचे मला काही वाटत नसे.

पुढे अंगणात फरशी घालताना गवंड्याने मला उचलले आणि परत बसवताना बोटभर फिरवून बसवले. माझी सावली वीस मिनिटे मागे पडू लागली. मला ते पहिल्याच दिवशी कळले, पण सांगणार कसे? लोक वाकून पाहत, मान डोलावत, आणि मला मेल्याहून मेल्यासारखे होई.

मग वार्षिक परीक्षा आली. बाहेरगावच्या परीक्षकांच्या खिशात घड्याळ होते; त्यांनी त्यावर वेळ पाहून दार लावून घेतले, आणि आमची घंटा त्यानंतर झाली. घंटा ऐकून लांबच्या मुली धावत आल्या, तर दार बंद. नऊ मुलींचे वर्ष गेले. त्यांत मावशींची नातही होती.

मुख्याध्यापक म्हणाले, "मावशी, तुमची नजर गेली आता."

मावशींनी माझ्याकडे दोनदा वाकून पाहिले. "असेल साहेब," त्या हळूच म्हणाल्या, "मला तर रेघ स्वच्छ दिसत होती."

दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत.

दोन वर्षांनी जमीन मोजायला एक मोजणीदार आला. होकायंत्र हातात घेऊन तो माझ्यापाशी थबकला. "हे कुणी बसवलं? उत्तर तर इकडे आहे."

गवंड्याला बोलावणे गेले. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "मावशींना मीच जाऊन सांगतो."

तो त्यांना घेऊन आला आणि त्यांच्यादेखत त्याने मला सरळ केले. मुख्याध्यापकांनी मावशींना परत कामावर यायची विनंती केली.

"ते राहू द्या," मावशी म्हणाल्या. "माझ्या नातीला तेवढं सांगा, आजीची नजर शाबूत होती म्हणून."

नात मागेच उभी होती. दोन वर्षे ती आजीशी धड बोलली नव्हती. तिने पुढे होऊन आजीचा हात धरला.

आता माझी सावली बरोबर पडते. तरी कोणी कौतुक केले की मला लाज वाटते. मित्रांनो, माझ्यासारख्या दगडाची निगा राखा, तो जागचा हलला तर नाही ना, हे अधूनमधून तपासा. आणि चूक सापडली की आधी माणसाकडे बोट दाखवू नका. दगड सरळ करता येतो. मावशींची ती दोन वर्षे मात्र कोणालाच परत देता आली नाहीत.