सत्तावीस तास

परदेशातून थेट विमानाने यायला माझ्या धाकट्या बहिणीला अकरा तास चाळीस मिनिटं लागतात. हा आकडा आईला तोंडपाठ आहे. कुणी नुसतं "मुलगी कशी आहे?" म्हटलं की आई सांगते, "छोटी ना? अकरा तास चाळीस मिनिटांवर!" मी चार घरं सोडून राहते, रोज दोनदा जाते. माझं अंतर कुणी विचारत नाही.

तिकिटांचं काम माझं. वीस वर्षं एकाच ट्रॅव्हल एजन्सीत, खिडकीजवळच्या टेबलावर. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, दुसरा डोळा तर केव्हाच गेलेला. छोटीचा फोन आला, "ताई, शुक्रवारी सकाळी पट्टी काढतील तेव्हा मला तिथे असायचंय. थेट विमानाचं बघ ना."

बघितलं. एक सीट होती. पहाटे सहाला उतरून ती नऊच्या आत हॉस्पिटलात आईच्या पलंगापाशी पोहोचली असती. मी सीट होल्डवर टाकली आणि बसून राहिले. ऑपरेशनच्या तारखेसाठी खेटे मी घातले, डोळ्यात थेंब घालणार मी, आणि पट्टी सुटल्यावर आई पहिल्यांदा बघणार कुणाला? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी सीट सोडून दिली.

"थेट विमान फुल्ल आहे गं," मी तिला म्हणाले. "दोन ठिकाणी बदलून सत्तावीस तास लागतील. शुक्रवारी संध्याकाळी पोचशील."

"चालेल. काढ," ती म्हणाली. कुरकुरसुद्धा केली नाही.

शुक्रवारी मी नवी साडी नेसून आठलाच हजर. नर्स ट्रे घेऊन आली, तशी आईने दोन्ही हातांनी पट्टी धरून ठेवली.

"आत्ता नको. छोटी संध्याकाळी येतेय."

"आजी, डॉक्टर आता एकदम सोमवारी येणार."

"मग सोमवारी काढा."

"आई, मी आहे ना इथे!" माझा आवाज चढला.

"तू असतेसच गं," ती म्हणाली.

संध्याकाळी छोटी आली. पाय इतके सुजलेले की बूट निघेनात. आईने चाचपडत तिचा घोटा धरला, मांडीवर घेतला आणि चोळायला लागली. "सत्तावीस तास! माझ्यासाठी!" शेजारच्या पलंगावरच्या बाईंना तिने दोनदा ऐकवलं. अकरा तासांचं कौतुक मला सोसत नव्हतं, आता हे सत्तावीस मीच तिच्या पदरात घातले होते, तेही स्वतःच्या हाताने टाइप करून.

"ताईमुळे आले गं मी," छोटी म्हणाली. "तिकीटच मिळत नव्हतं. तिने शोधून काढलं."

"अगं, तिचं ते कामच आहे," आई म्हणाली, आणि तिने दुसरा पाय मांडीवर घेतला.