नव्याचा पहिला घास

मित्रांनो, आधी माझं झाकण नीट लावा आणि मग ऐकायला बसा. उघड्या झाकणाने मला सुचत नाही. मी औषधांची थंडपेटी. निळं अंग, पांढरं झाकण. जुनी किती, ते माझी कडी बघितलीत की कळेलच. ती दोनदा तुटली आणि आता सुतळीने बांधलेली आहे.

माझा जन्म सिन्नरच्या एका कारखान्यात झाला. त्या दिवशी माझ्यासारख्या तीनशे जणी जन्मल्या. कुणाच्या नशिबी लग्नातल्या सरबताच्या बाटल्या आल्या, कुणाच्या नशिबी मासळी. मी मात्र पंचवटीत वेणीमाधवकाकांच्या औषधाच्या दुकानात आले, आणि मला त्याचा गर्व आहे, उगाच खोटं कशाला बोलू? काकांच्या घरची माणसं पिढ्यानपिढ्या घाटावर पूजा सांगत आलेली. हे एकटेच औषधं विकायला बसले. माणूस लोण्याहून मऊ. कुणाला ‘नाही’ म्हणायची वेळ आली की यांच्या घशाला कोरड पडते. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

माझं काम ऐकायला सोपं आहे. काही औषधं गरम झाली तरी वाया जातात आणि गोठली तरी वाया जातात. त्यांना बेताच्या गारव्यात सांभाळून न्यायचं, बस्स. करून बघा म्हणजे कळेल! एप्रिलच्या उन्हात एसटीत सरिताच्या मांडीवर बसून मी ते केलेलं आहे.

सरिता म्हणजे साळूबाईंची सून. साळूबाईंचं घर घोटीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. भोवती भाताची खाचरं. गेल्या वर्षी त्यांच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, या जातीच्या गाठीसाठी एक खास औषध आहे, दर तीन आठवड्यांनी एक असे अठरा डोस घ्यायचे. औषध काकांच्या दुकानातून न्यायचं आणि घोटीच्या दवाखान्यात सलाईनमधून घ्यायचं, असं ठरलं. डोस झाला की माझा मुक्काम साळूबाईंच्या घरी. पुढच्या डोसाच्या वेळी मी परत पंचवटीत.

आता त्या घरची रीत अशी, की दुसऱ्याचं भांडं घरी आलं तर ते रिकामं परत करायचं नाही. अहो, मी भांडं नाही, मी थंडपेटी! पण ऐकतंय कोण? पहिल्याच फेरीत माझ्या पोटात नागलीचे पापड. मग उडीद. मग करवंदं. आणि एकदा तर चक्क सुकट! पूजा सांगणाऱ्यांच्या घरात मी सुकटीचा घमघमाट घेऊन उतरले. काकांनी नाकाला रुमाल लावला, सुकट समोरच्या रिक्षावाल्याला दिली, मला चार वेळा लिंबाने घासलं आणि दोन दिवस उन्हात पालथं घातलं. पण सरिताला एका शब्दाने बोलले नाहीत.

खरं म्हणजे हा मेवा काकांसाठी नव्हताच. पहिल्याच डोसाच्या वेळी साळूबाई स्वतः दुकानात आल्या होत्या. काकांची मुलगी संपदा दुकानात फार्मासिस्ट आहे. साळूबाईंनी तिलाच विचारलं, “पोरी, ह्ये औषध करतं तरी काय?”

संपदा म्हणाली, “मावशी, काही औषधं दिसेल त्या पेशीला मारत सुटतात. हे तसं नाही. तुमच्या गाठीच्या पेशींवर एक खूण फार जास्त होती. हे औषध ती खूण हुडकतं आणि तिथेच जाऊन चिकटतं. ती खूण शोधायला, मग हे औषध बनवायला कितीतरी माणसांची वर्षंच्या वर्षं गेली.”

साळूबाई जरा विचारात पडल्या आणि एकदम हसल्या. “आगं, मंग ही निंदणीच की! तण बी भातासारखंच दिसतं, पर जाणती बाई बरोब्बर तेवढंच उपटती. कोन हाय ही जाणती बाई?”

“एक नाही हो, शेकडो जण आहेत. लांब, परदेशात.”

“आसू दे लांब. निंदायला आलेल्या बाईला आपन रिकाम्या हातानं लावून देतो का? भाऊ, मी जे धाडते ते तुमी त्यांना पोचवाल ना?”

हा प्रश्न काकांना होता. त्यांच्या घशाला कोरड पडली. “पोचवतो की,” ते म्हणाले.

पोचवतात कसले! पापड तळून खाल्ले, उडदाचं घुटं केलं, करवंदांचं लोणचं घातलं. संपदा दोनदा म्हणाली, “बाबा, हे बरोबर नाही.” काका म्हणायचे, “अगं, आजारी बाईचं मन कशाला मोडायचं?” मी सगळं पाहत होते, पण आमच्या जातीला तोंड असून उपयोग नाही.

असं करता करता दिवाळी झाली. सतराव्या डोसाला साळूबाई पुन्हा स्वतः आल्या. सुरुवातीच्या केमोत गेलेले केस परत आले होते, आखूड आणि कुरळे. माझ्यात या वेळी नवा तांदूळ होता.

“भाऊ, आवंदाचं पीक मी बघंन असं वाटलं नव्हतं,” साळूबाई म्हणाल्या. “बघितलं! म्हनून नव्याचा पयला घास औषध करनाऱ्यांचा. त्यांनी खाल्ल्याबिगर आमच्या घरात नवं शिजायचं नाय.”

सरिता कळवळून म्हणाली, “काका, तुमी तरी सांगा आत्याबाईंना. जुना तांदूळ संपला. पंधरा दिस झाले, नुसत्या भाकरीवर हायेत. भाकरी जात नाय, अर्धी टाकून उठतात. डॉक्टर म्हनतात नीट जेवा.”

पण साळूबाईंचं लक्ष काकांकडे होतं. “पयलं धाडलेलं आवडलं का वो त्यांना? काय म्हनले?”

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खाली बघून म्हणाले, “साळूबाई, मी काहीच पाठवलं नाही. आम्हीच खाल्लं. मला माफ करा.”

मला वाटलं, आता कडाडतील. तशा त्या तोंडाच्या फटकळ आहेत. पण त्या स्टुलावर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “खाल्लं त्याचं काय नाय, भाऊ. पोटातच गेलं, मातीत नाय गेलं. पर वरीसभर मी समजत व्हते की त्यांना ठावं हाय. घोटीपल्याड कोनी साळू हाय, ती जगली, ह्ये त्यांना ठावं हाय. म्हंजे त्यांना काईच ठावं नाय?”

मित्रांनो, मी गारव्यात वाढलेली आहे, पण तेव्हा मला खरंच थंडी वाजली.

संपदा पुढे आली. “मावशी, परदेशात तांदूळ असा सहजी जात नाही. पण तुमचा निरोप जाईल. मी पाठवते.” तिने साळूबाईंचा तांदळाच्या सुपासकट फोटो काढला, त्या जे बोलल्या ते लिहून घेतलं. संशोधनाच्या कागदांवरून नावं शोधून अकरा जणांना पत्रं धाडली. तांदूळ काकांनी देवघरात ठेवला आणि त्यातला दाणाही हलवला नाही. डोस घेऊन साळूबाई घरी गेल्या, त्या मनाशी एकच ठरवून: जबाब येईपर्यंत नवं खायचं नाही.

दहा जणांकडून काही आलं नाही. कोणी निवृत्त झालेले, कोणी आता हयातच नाहीत. अकराव्या होत्या रूथबाई. त्यांनी लिहिलं, मला साळूबाईंशी बोलायचं आहे.

म्हणून अठराव्या, शेवटच्या डोसाला औषध न्यायला सासू-सुना दोघी आल्या, तेव्हा दुकानामागच्या घरात नवा भात शिजत होता. काकांनी तो स्वतः कुकरला लावला होता. वास थेट रस्त्यापर्यंत गेला. संपदाने काउंटरवर मोबाइल माझ्याच अंगाला टेकवून उभा केला. त्यामुळे सगळं मी जवळून ऐकलं.

पडद्यावर पांढऱ्या केसांची एक बाई दिसली, स्वयंपाकघरात बसलेली. साळूबाईंनी तिला डोळे भरून पाहिलं आणि पहिला प्रश्न टाकला, “जेवलीस का गं, बाई?”

संपदाने तो इंग्रजीत सांगितला. रूथबाई हसल्या. त्यांच्याकडे सकाळ होती, नुसती कॉफी झाली होती.

“बघ, तुज्यासाठी नवं केलंय,” साळूबाईंनी ताटली पुढे धरली. “पर ह्ये तुज्यापातुर पोचत नाय. आता काय करायचं, तूच सांग.”

रूथबाई पडद्याजवळ सरकल्या. मग बोलल्या, आणि संपदाने ते मराठीत सांगितलं. “मावशी, त्या म्हणतायत, मी नऊ वर्षं काचेच्या बशीतल्या पेशी बघितल्या. ज्या बाईसाठी हे सगळं चाललंय ती मला कधी दिसलीच नाही. ती जेवते का, झोपते का, काही कळलं नाही. माझा घास मी तिला देते. तिने तो खावा आणि मला बघू द्यावं.”

साळूबाईंनी सरिताकडे पाहिलं. सरिता म्हणाली, “आत्याबाई, त्यांचा घास हाय. त्यांनी दिला. घ्या.”

साळूबाईंनी भाताला हात जोडले आणि घास घेतला. सावकाश चावला. “लय ग्वाड हाय,” त्या म्हणाल्या. “पोरी, सांग तिला. लय ग्वाड हाय.” मग त्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. पडद्यावर रूथबाई तोंडावर हात धरून रडत होत्या आणि हसतही होत्या. काका नाक शिंकरायला आत गेले. साळूबाईंनी ताटली पुसून खाल्ली आणि आणखी भात मागितला.

तो शेवटचा डोस मीच घोटीला नेला. आता दुकानात गारव्याचे आकडे दाखवणारी नवी पेटी आली आहे. मी फळीवर असते, आणि माझ्यावर धूळ बसते. पुसलीत तर बरं वाटेल. नाही पुसलीत तरी चालेल, पण एवढं मात्र करा. ज्यांचे उपकार आहेत त्यांना तसं सांगा. नुसतं ‘पोचवतो’ म्हणून गप्प बसू नका. लांब कुठेतरी एखादी म्हातारी एकटीच सकाळची कॉफी घेत बसलेली असते, आणि आपल्यामुळे आज कोणीतरी पोटभर जेवलं, हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं.