सुरयांची वाळू

इंदुमावशीची माझी पहिली आठवण एका आवाजाची आहे. धक्क्याला बांधलेल्या शेकडो होड्यांच्या डोलकाठ्यांवर दोर आपटत राहतात, त्याचा तो थंडगार, धातूचा, अखंड किणकिणाट. आणि त्या किणकिणाटाच्या तळाशी, राखाडी उजेडात, कोपरं गुडघ्यांवर टेकवून डोळ्यांना दुर्बीण लावून निश्चल बसलेली एक कृश, पांढऱ्या केसांची स्त्री. सॅन डिएगोला जानेवारीच्या सकाळी समुद्रावरून धुकं सरपटत येतं आणि एकेक होडी पुसून टाकतं. त्या धुक्यात काही दिसणं शक्य नव्हतं, तरी ती बघत होती. मी दोनदा हाक मारली तेव्हा कुठे दुर्बीण खाली आली.

ती माझ्या आईची नागपूरची शाळासोबती. माझी कंपनी सांता क्लाराची. दोन हजार चारच्या सुरुवातीला कंपनीने मला एका प्रोजेक्टसाठी सॅन डिएगोला पाठवलं, तेव्हा आईने फोनवर बजावलं, इंदू तिथे होडीत एकटी राहते, जाऊन बघून ये. मावशी पॅथॉलॉजिस्ट, दिनकरकाका सर्जन. दोघांनी तीस वर्षं पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात काढली, दारातलं बर्फ उपसता उपसता म्हातारी झाली, आणि निवृत्त होताच घर विकून, ही बत्तीस फुटी शिडाची होडी घेऊन, तिलाच घर करून राहिली. शीड काकांचं, पक्षी मावशीचे. हिवाळा आला की दोघं मेक्सिकोच्या किनाऱ्याने दक्षिणेला उतरत, निर्मनुष्य उथळ खाड्यांत नांगर टाकून महिनोन्महिने राहत आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतत. मागच्या उन्हाळ्यात मात्र ती एकटी परतली. काका तिथल्याच एका खाडीत गेले. होडी कुणा अनोळखी खलाशाने आणून पोचवली. आईला एवढंच ठाऊक होतं.

मग मी दर शनिवारी जाऊ लागले. होडीच्या पोटात डिझेलचा, ओलसर लाकडाचा आणि हिंगाच्या फोडणीचा एकत्र वास असे. दोन माणसांनी एकमेकांना वाट देत वावरावं अशी ती जागा, आणि मावशी अजूनही तशीच वावरायची. शेगडीकडे जाताना अंग चोरून घ्यायची, कुणी आडवं येणार असल्यासारखं. तिचे हात मात्र वयाला न शोभणारे स्थिर होते. तीस वर्षं काचेच्या पट्ट्यांवर पेशींचे आकार न्याहाळून माणसांचं भवितव्य दोन ओळींत लिहिणारे ते हात. त्यात दुर्बीण आली की डोलणारी होडीसुद्धा क्षणभर थांबल्यासारखी वाटे. तिने मला पाणकावळे दाखवले, पंख वाळत घालून खांबांवर उभे राहिलेले. ओहोटीच्या चिखलात घाईघाईने टाचण्या टोचत जावं तसे चालणारे चिखले. आणि रांगेने लाटेच्या कण्यावरून जाणारे तपकिरी पेलिकन, ज्यांच्याकडे पाहताना तिच्या चेहऱ्यावर कधीच आनंद दिसला नाही. मला ते खटकायचं. छंद असलेल्या माणसाचं बघणं असं नसतं.

तिचा मुलगा निखिल व्हर्जिनियात, हर्नडनला. त्याचे मला फोन येत. “तिला कन्व्हिन्स कर ना प्लीज,” तो म्हणायचा, “शी कान्ट लिव्ह लाइक दॅट.” मी मावशीला सांगून पाहिलं, की पाय घसरला तर, थंडी वाजून आली तर, बिछाना ओला असतो, जिना उभा आहे. ती सगळं ऐकून घ्यायची आणि चहात साखर घातली का विचारायची.

एप्रिलमध्ये सुरय आले. सुरय म्हणजे कुरव या समुद्रपक्ष्याची लहानखुरी बहीण. टोकदार पंख, डोक्यावर काळी टोपी, आणि आवाज असा चिरका की आकाशाला ओरखडा उठावा. धक्क्यापलीकडच्या वाळूच्या दांड्यावर ते उतरू लागले, आणि त्या दुपारी मावशीने प्रथमच दुर्बीण आपणहून खाली घेतली. तिने ती मांडीवर ठेवली आणि समुद्राकडे तोंड करूनच सांगायला सुरुवात केली.

मागच्या वर्षी परतायची वेळ टळून गेली होती. होडीतलं गोडं पाणी संपत आलं होतं, वारे फिरले होते, काका रोज निघू या म्हणत होते. पण खाडीतल्या वाळूवर सुरयांची एक जोडी अंड्यांवर बसली होती. घरटं असं नसतंच त्यांचं. वाळूत नुसता एक खळगा, त्यात वाळूच्याच रंगाची दोन ठिपकेदार अंडी. मावशी तीन आठवडे ती राखत होती. आदल्या संध्याकाळी काकांनी छातीवरून हात फिरवत, जडजड वाटतंय, ॲसिडिटी असेल, असं म्हटलं होतं. ते सर्जन होते, ती पॅथॉलॉजिस्ट होती. दोघांनाही ॲसिडिटी आणि दुसरं काही यांतला फरक माहीत होता. सकाळी ते म्हणाले, “परत फिरायचं का, इंदू?”

“मी म्हटलं, उद्या,” मावशी म्हणाली. “आज अंडी फुटतील, उद्या निघू.”

मावशी सोबतची छोटी होडी वल्हवत वाळूवर गेली. घरट्यापासून अंतर राखून, शिडाच्या होडीकडे पाठ करून पालथी पडून राहिली. ऊन चढलं. वाळूवरून उष्णतेच्या लाटा उठत होत्या आणि त्यांच्यात पक्षी, पाणी, डोंगर सगळं वितळल्यासारखं हलत होतं. दुपारी पहिलं अंडं फुटलं. पिल्लू बाहेर येऊन वाळेपर्यंत ती जागची हलली नाही; मग हे सांगायला घाईघाईने परत आली. काका आत झोपलेले नव्हते. ते वर, सुकाणूपाशी, वाळूच्या दिशेला तोंड करून बसले होते. डोळे उघडे होते. अंग अजून गार झालं नव्हतं.

वाळूच्या दांड्यावर सुरय ओरडत राहिले. मग मी, तिशीतल्या बाईला सुचेल तेवढ्या शहाणपणाने म्हणाले, “मावशी, निखिलला हे सांगू नका.”

तिने प्रथमच माझ्याकडे वळून पाहिलं. “मी तीस वर्षं रिपोर्ट लिहिले,” ती म्हणाली. “वाईट पुष्कळ लिहिले. खोटा एकही नाही.”

वर्षश्राद्धाला निखिल आला. उंच, काकांच्याच भुवया. होडीच्या पोटात त्याला मान वाकवून बसावं लागलं. वरणभात झाला, आणि मग मावशीने कसलीही प्रस्तावना न करता, मला सांगितलं तेवढंच आणि त्याच क्रमाने, त्याला सांगितलं. माझ्या हातातला पेला मला खाली ठेवता येईना. निखिलने एकच प्रश्न विचारला, आणि एरवी इंग्रजीत बोलणाऱ्या त्या मुलाने तो मराठीत विचारला.

“बाबांनी हाक मारली होती?”

“माहीत नाही,” मावशी म्हणाली. “वारा माझ्याकडून त्यांच्याकडे जात होता.”

तो उठला. तिन्ही ताटं आणि पेले त्याने घासले, पुसले, फडताळात लावले, ओटाही पुसून घेतला. इतक्या सावकाश, की ते संपल्यावर काय करायचं याची त्याला धास्ती असावी. मग फ्लाइटची वेळ सांगून निघाला. त्यानंतर त्याचा फोन दर रविवारी येत राहिला. हवा कशी आहे, औषधं घेतेस ना, ओके, बाय. मला वाटलं होतं, तो ओरडेल. ओरडला असता तर ते मावशीला पेललं असतं.

ती होडी पुन्हा कधी धक्क्यावरून सुटली नाही. मावशी मात्र पक्षी बघत राहिली, आणखी तीन वर्षं, धुक्यात, भर उन्हात, डिसेंबरच्या बोचऱ्या वाऱ्यात खांद्यांवर गोधडी घेऊन. एकदा धीर करून मी विचारलं, की अजून का बघता, त्रास होत नाही का? “ज्यासाठी थांबले,” ती म्हणाली, “ते निदान नीट बघून तरी घ्यायला हवं.” तेव्हा मला तिच्या चेहऱ्यावरच्या त्या कोरड्या, आनंदहीन एकाग्रतेचा अर्थ लागला. तो छंद नव्हता. ती शिक्षा होती, आणि ती तिने स्वतःच ठोठावली होती.

मी सांता क्लाराला परतले. पुढे दोन हजार सातच्या अखेरीस ओल्या धक्क्यावर तिचा पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आणि निखिल येऊन तिला हर्नडनला घेऊन गेला. होडी विकली गेली. तिथे तिला मिळालेल्या खोलीच्या खिडकीतून पार्किंग लॉट दिसे आणि त्यावर साचलेलं मळकं बर्फ. फोनवर तिचा आवाज दर खेपेला थोडा मागे सरकलेला असायचा, ओहोटीच्या पाण्यासारखा. ओहोटी किती दूर गेली हे पाणी पाहून कळत नाही, उघड्या पडलेल्या चिखलावरून कळतं. फेब्रुवारीत न्यूमोनिया झाला, आणि ती गेली.

मी गेले तेव्हा निखिल एकटाच स्वयंपाकघरात बसला होता. बाकीचे लोक बाहेर बूट शोधत होते. त्याने मला बसायला सांगितलं आणि टेबलाकडे बघत बोलू लागला. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी त्याने तिला विचारलं होतं, “आई, ते पिल्लू कसं होतं?”

“शी क्लोज्ड हर आइज. मला वाटलं, झोपली,” तो म्हणाला. “मग म्हणाली, वाळूच्या रंगाचं. हललं नसतं तर दिसलंच नसतं. पाठीला कवचाचा तुकडा चिकटला होता. आणि मग बराच वेळ सांगत होती, त्याचे पाय, त्याची चोच, त्याच्या आईने आणलेला मासा केवढा होता. मी ऐकत होतो.” त्याने टेबलावरचा पेला बाजूला सरकवला. “मला म्हणायचं होतं, इट्स ओके, आई. नाही म्हणालो. बिकॉज इट वॉजन्ट. पण ऐकत होतो.”

मी त्याच्या हातावर हात ठेवला. बाहेर कुणीतरी गाडी सुरू केली, बर्फावरून चाकं किरकिरत गेली, आणि खिडकीतला तो निस्तेज हिवाळी उजेड हळूहळू टेबलावरून खाली उतरला. गेलेल्या माणसाचा शेवटचा तास कधीच आपल्या वाट्याला येत नाही. आठवण त्याच्या कडेकडेने आयुष्यभर फिरत राहते, आत शिरायला वाट मिळत नाही. आणि काळ सगळं भरून काढतो म्हणतात, पण तेवढी एक जागा तोही रिकामी सोडून पुढे जातो.