अकरा दहा ते अकरा चौतीस

समता वानखडे मोताळ्याची. बुलढाण्यात एका सरकारी इमारतीच्या गच्चीवर उपग्रहांचे संकेत टिपणारं केंद्र होतं, तिथं ती तीन वर्षांपासून कामाला होती. उपग्रहांच्या भरवशावर विमानानं कोणत्या वेळी उतरावं आणि कोणत्या वेळी नाही, याचा अंदाज रोज तिच्या सहीनं जायचा.

श्रावणातल्या त्या सोमवारी मंत्र्यांचं हेलिकॉप्टर उद्घाटनाला यायचं होतं. राजूर घाटावर ढग टेकलेले, म्हणजे पायलटला उपग्रहांचाच आधार. समतानं आकडेमोड दोनदा केली. एक उपग्रह दुरुस्तीसाठी बंद, काही क्षितिजाखाली. अकरा दहा ते अकरा चौतीस फक्त चार उरत होते. तिनं लिहिलं : या वेळेत उतरू नये.

लगेच मुंबईहून वरिष्ठांचा फोन आला.

"मंत्र्यांची वेळ सव्वाअकराची आहे. जागा कळायला चार उपग्रह पुरतात ना?"

"जागा कळते, साहेब. पन चारातला एखादा चुकीचं सांगून राह्यला, तर ते कळण्यासाठी पाचवा लागते."

"आधी नीट मराठीत बोला. आणि अहवाल बदला."

समताचे कान तापले. "याच मराठीत तीन वर्षं अंदाज सांगून राह्यली मी. नाही बदलत."

साहेबांनी तंत्रज्ञ वकारला फोनवर बोलावलं. सही तू कर, म्हणाले.

"मले अधिकार नाही, साहेब," वकार म्हणाला. "असता तरी केली नसती."

नियमाप्रमाणे अहवाल पायलटलाही जायचा. कुणी थांबवायच्या आत समतानं तो पाठवून दिला. पायलटनं वाचला आणि उड्डाण पुढे ढकललं.

हेलिकॉप्टर बाराला उतरलं, तेव्हा ढग सरून लख्ख ऊन पडलं होतं. साहेबांचा पुन्हा फोन. "बघा! काय झालं असतं?"

"कदाचित काहीच नाही. पन त्या कदाचितवर मी मानसं नाही उतरवत."

तिसऱ्या दिवशी नोटीस आली : लेखी दिलगिरी द्या, नाहीतर बदली.

"दोन ओळी लिहून टाका ना, ताई," वकार हळूच म्हणाला.

"काऊन लिहू? चुकलं काय माहं?"

गच्चीवरच्या यंत्रानं त्या चोवीस मिनिटांत चारच उपग्रह टिपले होते. ती नोंद तिनं नोटिशीच्या उत्तराला जोडली आणि खाली लिहिलं, 'अशी वेळ पुन्हा आली, तर पुन्हा हेच लिहीन.'

पंधरा दिवसांनी बदलीचा हुकूम आला. तिनं तो वाचून टेबलावर ठेवला आणि उद्याचा अंदाज करायला बसली.