गाडी कोण आणणार

आबांनी नवी मोटरसायकल घ्यायचं ठरवलं तेव्हा आईनं विरोध केला नाही. साताऱ्याहून ती घरी कोण आणणार, एवढंच तिनं विचारलं. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन सांगितलं होतं आणि आबांनी ते दोन वर्षं पुढं ढकललं होतं. कधी आल्याच्या लागणीचं निमित्त, कधी पाण्याच्या पाळीचं.

जेवताना आबांनीच पैज लावली. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चासी नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचता आला, तर रहिमतपूरला घरापर्यंत गाडी ते चालवणार. नाही आला तर मी चालवायची आणि त्यांनी मागं बसायचं. आईनं मान डोलावली आणि भाकरी वाढता वाढता मला म्हणाली, "क्रांती, गाडी तपासशील तसं ह्यांनाबी तपास. भिडंला पडू नगंस."

मी विट्याकडच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. हंगाम संपला होता, त्यामुळे चार दिवसांची रजा सहज मिळाली. एरवी मी स्कूटर वापरते. पण मोटरसायकल मला आबांनीच शिकवली, लष्करातून निवृत्त होऊन आले त्या वर्षी. चोवीस वर्षं ते ईएमईत होते, म्हणजे लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या विभागात. तिथं वर्कशॉपमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीच्या कागदावर तपासणाऱ्याची सही असायची, आणि पुढं काही बिघडलं तर आधी ती सही शोधली जायची. आबा अजूनही साध्या पोचपावतीवर सही करताना दोनदा विचार करतात.

आम्ही शोरूमला पोचलो तेव्हा अकरा वाजत आले होते. राखाडी रंगाची गाडी दारातच लाल फीत बांधून उभी केली होती. नंबरप्लेट बसवायची बाकी होती. गाडी ताब्यात देण्याचं काम शिवांजली नावाच्या मुलीकडं होतं. हातात पॅड, कानाला फोन, आणि तरी प्रत्येकाशी नीट बोलत होती. तिनं सुचवलं की आधी पूजा उरकून घेऊ, बाराला दुसऱ्या गाडीचा मुहूर्त आहे. नारळ आणि लिंबं माझ्या पिशवीत होती. मी पिशवीत हात घातला तसं आबा म्हणाले, "नंबर जुळल्याबिगर नारळ फोडायचा न्हाई."

मग त्यांनी बाह्या वर केल्या.

सुरुवात पुढच्या चाकापासून झाली. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन त्यांनी चाक फिरवलं आणि कान जवळ नेला. ब्रेक कुठं घासतो का ते ऐकलं. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून बघितलं, वायर कुठं ताणते का ते बोटांनी चाचपलं. मी किलोमीटर बघितले, दिवे लावले, टाकीवर आणि मडगार्डवर ओरखडे शोधले. शिवांजली पॅडवरच्या यादीत टिक करत होती. चेनपाशी आबा थांबले. दोन बोटांनी चेन वर-खाली हलवून म्हणाले, लय ताणलीया. मी पर्समधली पट्टी लावली. ढिलाई पंधरा मिलिमीटर होती, आणि गाडीबरोबरच्या पुस्तिकेत वीस ते तीस लिहिलं होतं. शिवांजलीनं ते लिहून घेतलं आणि आबांना विचारलं, काका, तुमचं गॅरेज आहे का. आबा खूश झाले.

मला बरं वाटत होतं. डोळ्यांची गरज नव्हती अशा प्रत्येक कामात त्यांची चूक निघणार नाही हे मला ठाऊक होतं. राहिलं होतं ते एकच काम.

चासी नंबर हँडलच्या खाली, सांगाड्याच्या उजव्या बाजूला कोरलेला असतो. सतरा अक्षरं आणि आकडे, तेही काळ्या रंगाखाली. चांगल्या डोळ्यांनाही ते पटकन दिसत नाहीत. मी मोबाईलची बॅटरी लावायला गेले तर आबांनी हातानं नको म्हणून सांगितलं. वाकले, अंगठा लोखंडावर टेकवला आणि वाचायला लागले. सगळा नंबर त्यांनी कुठंही न अडखळता म्हटला. शेवटचे पाच आकडे होते दोन शून्य आठ चार सहा. शिवांजलीची नजर पॅडवरच्या कागदावर होती. प्रत्येक आकड्याला तिचं पेन हलत होतं.

"बरोबर आहे काका," ती म्हणाली आणि सहीसाठी पॅड माझ्यापुढं धरला.

प्रयोगशाळेत नवीन आलेली मुलं एक चूक हमखास करतात. आधीच्या नोंदी बघून आता किती येणार हे त्यांना ठाऊक असतं, मग ती काट्याकडं नीट न बघताच तेवढं लिहून टाकतात. मला अशी नोंद दुरूनच ओळखू येते, कारण ती फार सरळ असते. खरंच वाचणारा माणूस कुठंतरी थांबतो. हा आठ आहे का बी, म्हणून पुन्हा बघतो. आबा थांबले नव्हते.

दोन दिवसांपूर्वी शोरूमनं गाडीचे कागद माझ्या आणि आबांच्या फोनवर पाठवले होते. त्या संध्याकाळी आबा ओट्यावर फोन नाकाशी धरून, अक्षरं मोठी करून काहीतरी पुटपुटत होते. ज्या माणसाला शहाऐंशी सालातल्या रायफलीचा नंबर अजून तोंडपाठ आहे, त्याला सतरा आकड्यांचं काय मोठंसं.

मी पॅड हातात घेतला, पण सही केली नाही. खाली वाकले, बॅटरी लावली आणि एकेक आकडा बघितला. शेवटचे पाच होते दोन एक एक नऊ तीन. पुन्हा बघितलं. तेच होते.

मी शिवांजलीला म्हटलं, चेन ढिली करायला मेकॅनिकला बोलावता का. ती आत गेली. मग मी आबांच्या शेजारी बसले.

"आबा, हितं शेवटी एकवीस हजार एकशे त्र्याण्णव हाय."

त्यांनी अंगठा पुन्हा त्या जागी नेला. खोल कोरलेले आकडे बोटाला लागत असणार, पण ओळखू येत नसणार. शेजारच्या गाडीपाशी कुणीतरी फोटो काढत होतं.

"कागदावर?"

"कागदावर तुमी म्हणला तोच हाय."

"मंजी गाडी दुसरीच."

"व्हय."

"सही केलीस?"

"न्हाई."

"करू नगंस," ते म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

मी मनात एक वाक्य तयार केलं होतं. प्रकाश कमी होता, आकडा नीट दिसला नाही, असं काहीतरी. शिवांजली मेकॅनिकला घेऊन आली आणि मी तोंड उघडायच्या आत आबाच बोलले. आवाज हळू नव्हता. मुहूर्तासाठी थांबलेल्या माणसांनीही ऐकला असेल.

"पोरी, ती टिक खोड. मी नंबर वाचला न्हवता, पाठ म्हणला. मला दिसत न्हाई. गाडी दुसऱ्या कुणाचीतरी हाय."

शिवांजलीनं खाली बसून स्वतः बघितलं. मग कपाळाला हात लावला. मागच्या आवारात त्याच रंगाच्या दोन गाड्या होत्या, त्यांची अदलाबदल झाली होती. "मीही गाडीकडं कुठं बघितलं काका," ती म्हणाली. "तुमचं ऐकून टिक केली."

"मग दोघंबी सारखीच," आबा म्हणाले.

दुसरी गाडी यायला वीस मिनिटं लागली. एव्हाना बाराच्या मुहूर्ताची माणसं आमच्या आधी पूजा करून गेलीसुद्धा. गाडी आली तशी शिवांजलीनं अदबीनं विचारलं, बाकीचं मघाशी झालंय, आता फक्त नंबर बघायचा ना. आबांनी मान हलवली. "ती गाडी तपासली. ही न्हाई तपासली," ते म्हणाले आणि पुन्हा पुढच्या चाकापाशी बसले. तेच सगळं, त्याच क्रमानं. या गाडीची चेन ठीक होती. मागच्या ब्रेकचा पेडल मात्र त्यांना खाली वाटला, तो मेकॅनिककडून तिथल्या तिथं वर घ्यायला लावला.

नंबरपाशी आल्यावर ते बाजूला सरले. मी बॅटरी लावली. मी गाडीवरचं एकेक अक्षर वाचत होते आणि माझ्या मागून ते पाठ म्हणत होते. मध्ये एका ठिकाणी मी थांबले, रंगाचा थेंब साचला होता. त्यांनी पुढचा आकडा सांगितला नाही. मी नखानं रंग खरवडून आठ वाचला, मगच ते आठ म्हणाले. सतराच्या सतरा जुळले. इंजिनचा नंबरही मी वाचला. मग मी सही केली, आणि आबांनी नारळ फोडला.

हँडलच्या दोन्ही बाजूंना हार घातला होता. निघताना तो मी काढून पिशवीत ठेवला, वळताना अडकतो म्हणून. आबांनी किल्ली माझ्याकडं दिली आणि मागं बसण्याआधी घरी फोन लावला. आई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. आबा एवढंच म्हणाले, "व्हय, मागं बसलोय," आणि फोन खिशात टाकला. खरं तर अजून ते बसायचे होते.

साताऱ्यातून बाहेर पडेपर्यंत ते गिअर सांगत राहिले. इंजिनचा आवाज ऐकून म्हणायचे, आता तिसरा. मी तोवर टाकलेला असायचा. दोन-चारदा असं झाल्यावर ते गप्प झाले. संगम माहुलीचा पूल ओलांडल्यावर त्यांनी विचारलं, "एका डोळ्याला किती दिवस लागत्यात?"

मी सांगितलं. आधी एक डोळा, तो नीट बरा झाला की दुसरा, आणि गाडी चालवायची ती डॉक्टर हो म्हणाल्यावर. सगळं धरून तीनेक महिने लागतील.

मागं थोडा वेळ हिशेब चालला होता. "पैल्या सर्व्हिसिंगला तू ये," ते म्हणाले. "दुसऱ्याला मी आणतो."

"आणा," मी म्हटलं. "सोमवारी डॉक्टरांची वेळ घेते."

त्यांनी नको म्हटलं नाही. पुढं एक ट्रॅक्टर होता, उसाची मोकळी ट्रॉली घेऊन निघालेला. मी आरशात बघितलं, हॉर्न दिला आणि तो मागं टाकला.

"चाळीसच्या वर जाऊ नगंस," आबा म्हणाले. "नवं इंजिन हाय."

काटा अडतीसवर होता.