मेमेंचं साल

बाराशे रोपं! फ्लॉवरची बाराशे रोपं प्लास्टिकच्या घरात ट्रेमध्ये दाटीवाटीनं उभी, आणि बाहेर शेत रिकामं. पाच-पाच पानं फुटली होती, मुळं ट्रेच्या भोकांतून बाहेर डोकावत होती. दुपारी आत इतकं तापायचं की मी धावत जाऊन पडदे वर करायची, ऊन कललं की पळत येऊन खाली सोडायची. दिवसभर हेच. बूड म्हणून कुठे टेकत नव्हतं माझं.

कारण साका, म्हणजे पहिल्या नांगरटीचा सण, झाल्याशिवाय आमच्याकडे मातीला लोखंड लावत नाहीत. जमीन झोपलेली असते. तिला उठवायचा दिवस ओन्पो, आमचा ज्योतिषी, पोथी बघून काढतो, आणि पहिलं तास कोणत्या सालात जन्मलेल्या माणसानं घालायचं तेही सांगतो. आमची सालं बारा प्राण्यांच्या नावांची; यंदा निघालं ड्रॅगनचं साल. अकरा घरांच्या गावात ड्रॅगन एकच, माझे सासरे. गाव त्यांना मेमे, म्हणजे आजोबा, म्हणतं, मीही तेच म्हणते.

आणि मेमेंनी नेमकं साकाच्या आदल्या दिवशी अंथरूण धरलं.

"गुडघा," म्हणाले.

डोंबलाचा गुडघा! कालपर्यंत बकऱ्यांमागे खडकांवर चढत होते. मला कारण पक्कं ठाऊक होतं. खालच्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या जव पेरला जायचा. यंदा मी भांडून ते फ्लॉवरला मागून घेतलं. "एक वर्ष देतो," मेमे म्हणाले होते, "नाही जमलं तर पुन्हा जव." आता साका चुकला की पुढचा मुहूर्त नऊ दिवसांनी. तोवर रोपं ट्रेमध्येच आखडणार, मग गड्डे धरणार जर्दाळूएवढे. म्हणजे आपोआप जव! वा रे मेमे!

सकाळी नांगराच्या झोंची, म्हणजे याक-गाईच्या संकरातल्या बैलांची, जोडी सजवून लोक अंगणात जमले. मी आत जाऊन मेमेंच्या अंगावरची गोधडीच ओढली.

"उठा! शेत हवंय ना परत? घ्या! जव पेरा, काय वाटेल ते पेरा. रोपं मी लोकांच्या बांधावर लावीन. पण उठा हो!"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. मी गोधडी सोडली.

"शेताचं नाही गं चोरोल. मी ड्रॅगन नाहीये."

"काय?"

"ड्रॅगन माझा थोरला भाऊ. तान्हा असतानाच गेला. पुढच्या वर्षी मी झालो, सर्पसालात. आईनं त्याचंच नाव, त्याचंच साल मला लावलं. मरणाला वाटावं, या पोराला आपण आधीच नेलंय, इथे परत यायला नको. मरताना मला सांगून गेली, कुणाला बोलू नको म्हणून. आता खोट्या हातानं जमीन उठवू? पाणी आटलं, पीक गेलं, तर सगळं गावच उपाशी राहील."

बाहेर ढोल वाजायला लागला होता. मी एक शब्द बोलले असते, "चला, कुणाला कळतंय," तर बाराशे रोपं वाचत होती. जिभेवर आलंसुद्धा. पण त्यांनी गोधडी पुन्हा डोक्यावरून ओढून घेतली, आणि माझ्याच्यानं ते बोलवेना.

मी अंगणात आले. "मेमेंना उठवत नाही. ओन्पो-ले, दुसरा दिवस बघा."

शेजारची पुत्रित थोडीच सोडतेय! "उठवेल कसं? आमच्या चोरोलबाईंना फ्लॉवरपुढे सासऱ्याला चहा द्यायला फुरसत कुठे आहे?"

"जवाचं शेत हिसकावलं," दुसरी म्हणाली, "त्याचाच धसका घेतलाय म्हाताऱ्यानं."

एरवी मी दोघींच्या झिंज्या उपटल्या असत्या. आज मेमेंचं गुपित राखायचं म्हणून खाली मान घालून उभी राहिले. रोपं गेली होती, वर हे.

"धसका-बिसका काही नाही!"

मेमे उंबऱ्यात उभे होते. गुडघा ठणठणीत. "तिला बोलू नका. मी सर्पसालातला आहे. भावाचं साल लावून जगलो."

ढोल थांबला. ओन्पोनं पोथी उघडली, पुन्हा मिटली. "नऊ दिवसांनी. साल तेव्हा दुसरं निघेल," एवढंच म्हणाला. लोक पांगायला लागले.

मी प्लास्टिकच्या घरात जाऊन ट्रेपाशी बसकण मारली आणि भोकाड पसरलं, लाज कसली! थोड्या वेळानं मागे काहीतरी घासत आल्याचा आवाज आला. मेमे पोतं ओढत होते. शरदातच खणून भरून ठेवलेली माती.

"ही कुठे झोपलीय?" ते म्हणाले. "डबे आण. एकेक रोप मोकळं करू. नऊ दिवस सहज काढतील."

"बाराशे डबे आणू कुठून?"

दारात पुत्रित उभी. ओच्यात तुपाचे, दुधाचे रिकामे डबे, आणि एक फाटका बूटसुद्धा. "आणखी आहेत घरी," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. तिच्यामागे आणखी दोघी-तिघी होत्या.

मेमे मांडी घालून बसले आणि बोटांनी माती चाळायला लागले.

"मेमे, थकाल हो," मी म्हटलं.

"आज एका वर्षानं लहान झालोय," ते म्हणाले. "दे तो बूट इकडे."